ठाण्याच्या नौपाड्यातला दोन दिवसांचा इंटरव्ह्यू वर्ग: पैसे कशाला द्यावेत, कशाला नाही

शनिवार-रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५.३०. गोखले रोडला लागून असलेल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बॅच २० जणांची, फी ४,५०० रुपये. त्यात छापील वही, रेझ्युमेचा साचा, दोन मॉक (सरावाचे) इंटरव्ह्यू, एक जीडी (गटचर्चा) आणि शेवटी सर्टिफिकेट. नुसता एक मॉक हवा असेल तर ८०० रुपये, पण हे काउंटरवर स्वतःहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. वर्गाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. याच साच्याचे वर्ग स्टेशनाच्या आसपास आणखीही आहेत, आणि खाली लिहिलेलं थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. ८०० वाला मॉक घ्या, ४,५०० चं पॅकेज घेऊ नका.

मॉक ही या वर्गातली एकच गोष्ट अशी आहे की जी घरच्या घरी जमत नाही. १२ मिनिटं मुलाखत, मग ८ मिनिटं चर्चा. समोर अनोळखी माणूस, मध्ये टेबल, कोपऱ्यात ट्रायपॉडवर मोबाइल. मावशी-काका किंवा मित्र समोर बसला की पोट आवळत नाही. इथे आवळतं, आणि तेच तर हवं असतं. रेकॉर्डिंग त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर येतं. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा व्हिडिओ म्हणून आला तर दाबला जातो आणि डोळे कुठे गेले ते नीट दिसत नाही.

हे रेकॉर्डिंग बरीच मुलं एकदा बघतात, लाजतात आणि डिलीट करून टाकतात. ८०० रुपये तिथेच बुडाले. ते तीनदा बघायचं, दर वेळी वेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. मग फक्त शरीर दिसतं: आठवताना नजर छताकडे जाते का, पाय हलतोय म्हणून खांदा थरथरतो का, अवघड प्रश्न आला की हात टेबलाखाली जातात का. दुसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवून, नुसता आवाज. नवख्या उमेदवाराच्या आवाजात हमखास सापडणारा दोष म्हणजे वाक्याचा शेवट गिळणं. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन फ्रॉम...’ इथपर्यंत स्पष्ट, आणि कॉलेजचं नाव येईपर्यंत आवाज खाली. ऐकणारा भिडस्त असला तर तो पुन्हा विचारत नाही, कागदावर ‘कम्युनिकेशन ॲव्हरेज’ लिहून मोकळा होतो. तिसऱ्यांदा वही-पेन घेऊन बसायचं आणि पहिली दोन मिनिटं शब्द न शब्द उतरवून काढायची. ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’, ‘लाइक’ किती वेळा आलं ते कागदावर मोजलं की मगच पटतं. या तिसऱ्या फेरीला अर्धा तास जातो आणि तिच्यातून जे कळतं ते वर्गाच्या ४० पानी वहीत कुठेही नाही.

पॅकेजमधला दुसरा मॉक मात्र फुसका आहे. रविवारी दुपारी तेच सर, तेच प्रश्न, फार तर क्रम बदललेला. शनिवारी दहापैकी पाच मिळालेल्याला रविवारी आठ मिळतात आणि पोरं खूश होऊन जिना उतरतात. फुटलेल्या पेपरात मार्क वाढले तर त्यात सुधारणा किती आणि पाठांतर किती, हे कळायला मार्ग नाही. दुसरा मॉक घ्यायचाच तर पंधरा दिवसांनी, दुसऱ्या माणसाकडे. आणि जाताना एका खऱ्या जाहिरातीचा प्रिंट सोबत न्या: ‘सर, या पोस्टसाठी घ्या.’ नाहीतर प्रश्न ‘स्ट्रेंथ-वीकनेस’च्या पुढे सरकत नाहीत.

वहीबद्दल. पान दोनवर ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चं तयार उत्तर छापलंय. आधी नाव, मग ‘आय हेल फ्रॉम ठाणे’, मग वडील काय करतात, आई गृहिणी, एक भाऊ, छंद गाणी ऐकणं आणि क्रिकेट, शेवटी ‘हार्डवर्किंग’ आणि ‘क्विक लर्नर’. वीस जण हे एकत्र पाठ करतात. त्यातले सहा जण पुढच्या आठवड्यात ऐरोलीत एकाच वॉक-इनला (थेट जाऊन द्यायच्या मुलाखतीला) गेले तर एचआरच्या मॅडमना सहा वेळा एकच कॅसेट ऐकावी लागते. उत्तर पाठ केलंय हे त्यांना तिसऱ्या वाक्याला कळतं, आणि मग त्या मध्येच तोडतात, मुद्दाम. तोडल्यावर पोरगं सैरभैर होतं, कारण पाठांतराला मधून सुरुवात नसते.

या उत्तराला साधारण ७५ सेकंद पुरतात, म्हणजे इंग्रजीत दीडशेच्या आसपास शब्द. नाव त्यांच्या समोरच्या कागदावर असतं, घरच्यांची माहिती कोणी मागितलेली नसते. पहिल्या वाक्यात पदवी, कॉलेज, वर्ष. नंतरची दोन-तीन वाक्यं हाताने केलेल्या एका कामाची, त्यात एखादा आकडा. शेवटचं वाक्य त्या जाहिरातीशी जोडणारं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी बीकॉम झालेल्या मुलीने काय बोलावं, तर आशय असा: शेवटच्या वर्षाला असताना एका सीएच्या ऑफिसात तीन महिने होते. रोज चाळीसेक खरेदी बिलं टॅलीत चढवायची. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) आला की बिलं त्याच्याशी जुळवायची, न जुळणाऱ्यांची यादी करून पार्टीला फोन करायचे. तुमच्या जाहिरातीत हेच काम दिसलं म्हणून अर्ज केला. बस. छोटी वाक्यं असल्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडखळायला होत नाही, आणि पुढचा प्रश्न कुठून येणार हे तुम्हीच ठरवून ठेवलेलं असतं.

तो पुढचा प्रश्न असतो: ‘बिल आपल्याकडे आहे, पण २बी मध्ये दिसत नाही. मग काय कराल?’ वर्गाच्या वहीत याचा पत्ताच नाही, आणि आमची वर्गावरची मोठी तक्रार हीच आहे. दोन दिवसांत हस्तांदोलन कसं करावं याला २० मिनिटं आणि कामाच्या प्रश्नांना शून्य. वरच्या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. पुरवठादाराने जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) अकरा तारखेनंतर भरला असेल तर बिल पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये येईल. तो तिमाही रिटर्नवाला असेल आणि त्याने मधल्या महिन्यात बिल चढवलंच नसेल तर तिमाही संपल्यावर दिसेल. किंवा आपला जीएसटी नंबर टाकताना एक अक्षर चुकलं असेल. १ जानेवारी २०२२ पासून बिल तिथे दिसल्याशिवाय क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, म्हणून आधी पार्टीला फोन. असं उत्तर देणाऱ्या पोरीने पाय हलवला काय नि ‘बेसिकली’ म्हटलं काय, कोणी मार्क कापत नाही.

एक्सेलचंही तसंच. ऑफिसातल्या जवळपास कुठल्याही नवख्या जागेसाठी ‘व्हीलुकअप (एका यादीतला कोड दुसरीत शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारा फॉर्म्युला) येतं का’ विचारतात, आणि सगळे ‘येस सर’ म्हणतात. जाणता मुलाखतकार तिथे थांबत नाही. लॅपटॉप पुढे सरकवतो. दोन शीट, एका शीटमध्ये कर्मचाऱ्यांचे कोड, दुसऱ्यात कोड आणि पगार. फॉर्म्युला बरोबर लिहिला तरी निम्म्या ओळींत एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, येतं. हा सापळा असतो. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक: कोडच्या मागे एक अदृश्य स्पेस आहे, किंवा एका शीटमध्ये कोड आकडा म्हणून आहे आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून. पहिल्याला ट्रिम लावायचं. दुसऱ्याला सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण बघून आकड्यात बदलायचं. फॉर्म्युल्यात चौथ्या जागी फॉल्स किंवा शून्य (म्हणजे तंतोतंत जुळणी) टाकायचं विसरलात तर आणखी वाईट, कारण मग एरर न येता चुकीचा पगार येतो आणि तो खरा वाटतो. शिवाय व्हीलुकअप फक्त उजवीकडे बघतं. कोडचा कॉलम पगाराच्या उजवीकडे असेल तर इंडेक्स-मॅच लागतं, नवीन एक्सेल असेल तर एक्सलुकअप. हे एका रविवारी दुपारी घरी स्वतःच चुका पेरून बसलं तर हातात बसतं. ४,५०० लागत नाहीत.

रबाळे, महापे, पवणे, तुर्भे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत जाणाऱ्या डिप्लोमा-आयटीआयवाल्यांसाठी तर हा वर्ग नाहीच. तिथे क्वालिटीचा माणूस हातात व्हर्निअर (मोजमापाची सरकपट्टी) देतो आणि म्हणतो, ‘हा जॉब मोज.’ जॉब म्हणजे घडवलेला सुटा भाग. लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी हे सगळे सांगतात. का, ते थोडे सांगतात. (मुख्य पट्टीवरचे ४९ मिमी व्हर्निअरवर ५० भागांत वाटलेत, म्हणून एक भाग ०.९८, मुख्य पट्टीवरच्या १ मिमीपेक्षा ०.०२ ने कमी.) मायक्रोमीटरचं ०.०१, कारण अर्ध्या मिमीचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) आणि थिंबलवर (फिरत्या नळीवर) ५० भाग. पण मोजायच्या आधी जबडे पुसून, मिटवून शून्यावर शून्य आलं का ते ज्याने बघितलं, त्याची निम्मी मुलाखत तिथेच पार पडली. आणि तिथली मुलाखत हिंदी-मराठीत चालते. इंग्रजीच्या धास्तीने या वर्गाला येऊन बसलेली डिप्लोमाची मुलं बघून वाईट वाटतं.

आयटीवाल्यांना एवढंच: एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायची क्वेरी, व्हेअर आणि हॅविंगमधला फरक, आणि स्वतःच्या फायनल इयर प्रोजेक्टमधला तुम्ही स्वतः लिहिलेला भाग. ‘आम्ही चौघांनी केलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘तू काय केलंस?’ हाच असतो.

रेझ्युमेचा साचा. दिसायला छान: डावीकडे निळी पट्टी, गोल फोटो, ‘लीडरशिप ८०%’ असे कौशल्यांचे पट्टे, उजवीकडे शिक्षण. नका वापरू. पोर्टलवर अपलोड केल्यावर आधी सॉफ्टवेअर ते वाचतं आणि दोन कॉलम असले की मजकुराची खिचडी होऊ शकते. फोन नंबर ‘हॉबीज’मध्ये जाऊन बसतो. तपासणं सोपं आहे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. वरून खाली वाचताना क्रम लागत असेल तर ठीक, नसेल तर साधा एककॉलमी वर्ड घ्या. आणि ते ८०% कशाच्या? एकदा तरी कोणी विचारतंच.

नवख्याचा रेझ्युमे एका पानाचा. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, खालचं ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ आणि सहीची जागा, हे सगळं काढलं की प्रोजेक्टला सहा ओळी जागा होते. सीजीपीए लिहा, टक्के मागितले तर विद्यापीठाच्या मार्कशीटवर किंवा परिपत्रकात दिलेल्या सूत्रानेच काढा, दहाने गुणून नव्हे. नंतर कागदपत्रं तपासताना फरक निघाला तर तो चूक म्हणून नाही, लपवाछपवी म्हणून धरला जातो. केटी (एखादा विषय राहणं) लागली असेल आणि सुटली असेल तर विचारल्यावर सरळ सांगायचं: कुठला विषय, कुठल्या सेमला, केव्हा सुटली. फाइलचं नाव ‘सीव्ही फायनल नवीन २’ असं नको. नाव, आडनाव आणि पोस्ट एवढं पुरे.

इथे एका गोष्टीबद्दल सावध करायला हवं. काउंटरवर २,००० रुपये जास्त भरले तर ‘इंटर्नशिप सर्टिफिकेट’ मिळेल असं सुचवलं जातं. काम न करता मिळालेला असा कागद पार्श्वभूमी तपासणीत सापडतो. तपासणारी एजन्सी त्या पत्त्यावर फोन करते, मेल पाठवते. अनुभवाचा खरा कागद हवा असेल तर सरळ मार्ग आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलेलं आहे. नोंदणी राज्याच्या महास्वयं रोजगार पोर्टलवर. सध्या आपल्या भागात जागा आहेत का ते तिथेच बघा. पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी केंद्राची नॅट्स ही अप्रेंटिसशिपची सोय वेगळी आहे. दोन्हींच्या नोंदणीला पैसे पडत नाहीत.

व्हिडिओ मुलाखतीला वर्गाने पंधरा मिनिटं दिली, तीही रविवारी चहानंतर, सगळे पेंगत असताना. हे उलटं आहे, कारण प्रत्यक्ष बोलावण्याआधीची फेरी आता फोनवर किंवा व्हिडिओवर होते आणि नवखे तिथेच गळतात. कळवा-दिव्याच्या वन रूम किचनमध्ये शांत खोली कुठून आणणार, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला वर्गात कोणी हातच घातला नाही. जमण्यासारखं ते असं: खिडकी समोर घ्या, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. फोन हातात धरू नका. पाण्याच्या बाटलीला टेकवून आणि खाली पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा, आडवा. वायरवाला इअरफोन, म्हणजे चार्जिंगची भानगड नाही आणि कुकरची शिट्टी कमी जाते. पंखा एकवर. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर, कारण मध्येच कॉल आला की बऱ्याच फोनवर मीटिंगचा आवाज तुटतो. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून ठेवा आणि एकदा आदल्या दिवशी जोडून बघा, त्या वेळी पासवर्ड शोधत बसायला नको. लॉगिनचं नाव बघा: भावाच्या लॅपटॉपवरून गेलात तर पडद्यावर त्याचंच नाव झळकतं. आणि घर फारच गजबजलेलं असेल तर मित्राची सोसायटी किंवा अभ्यासिकेचं ऑफिस आधी विचारून ठेवा. समोर माणूस नसलेली, प्रश्न पडद्यावर येऊन ३० सेकंद विचाराला आणि दीड मिनिट उत्तराला देणारी मुलाखत असेल तर उत्तर संपल्यावर उरलेला वेळ भरत बसू नका. थांबा आणि बटण दाबा.

जीडी ठीक. वीस जणांची एकच जीडी घेतात, त्यात चार जण बोलतात. दहा-दहाच्या दोन केल्या असत्या तर काही अर्थ होता.

कपड्यांवर वर्गाचा फार जोर आहे, टाय आणि ब्लेझरसकट, आणि खालच्याच गल्लीत ब्लेझर भाड्याने मिळण्याची शिफारसही केली जाते. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत ब्लेझर घालून ट्रान्सहार्बर लोकल पकडणाऱ्याचं ऐरोलीला उतरेपर्यंत काय होतं ते वेगळं सांगायला नको. नवख्या जागेला फिक्या रंगाचा, इस्त्री केलेला फुल शर्ट, गडद पँट, बंद बूट पुरतात. मुलींना सलवार-कुर्ता चालतो. बनियन घाला, घाम शर्टावर उमटत नाही. एक घरगुती सूचना मात्र वर्गाची मानायला हवी: जेवणाच्या सुट्टीत मामलेदारची मिसळ खायला पळू नका, दुपारचा मॉक बाकी असेल तर. मिसळीचा दोष नाही. पांढऱ्या शर्टावर रश्श्याचा एक थेंब पुरतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तोच दिसत राहतो.

ठिकाणावर पोचणं हा धडा वहीत नाही, तोही या भागात शिकवायला हवा. माइंडस्पेस ऐरोली या नावाची ऑफिसांची संकुलं दोन आहेत, पूर्व आणि पश्चिम. पश्चिमेचं बरेच रिक्षावाले अजून गिगाप्लेक्स म्हणूनच ओळखतात. मेलमध्ये नुसतं ‘माइंडस्पेस, ऐरोली’ लिहिलेलं असेल तर बिल्डिंग नंबर आणि बाजू आदल्या दिवशी मेल करून विचारा. चुकीच्या गेटवर पोचणं म्हणजे परत रिक्षा. महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कला घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनावरून रिक्षाने जावं लागतं. गेटवर मूळ ओळखपत्र, फोटो, पास. लॅपटॉप असेल तर त्याची वेगळी नोंद. वॉक-इनच्या दिवशी इथेच अर्धा तास जातो, म्हणून वेळ ११ ची असेल तर १०.१५ ला गेटवर. मुलाखत रविवारी पडली तर आदल्या संध्याकाळी मेगाब्लॉक बघा. मूळ सर्टिफिकेटं दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्सचे दोन संच, स्वतःची सही केलेले, आणि चार फोटो फाइलमध्ये असले की काम भागतं. डिजीलॉकरमध्ये आधार-पॅन चालू करून ठेवा.

आता पगार. वर्ग शिकवतो: ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ म्हणा. म्हणायला हरकत नाही, पण ऑफर हातात आल्यावर नॉर्म्स कळायला हवेत. समजा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) २ लाख ४० हजार, म्हणजे महिना २०,०००. बेसिक १०,००० धरू. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२% म्हणजे १,२००, ग्रॅच्युइटी ४.८१% म्हणजे ४८१, आणि ग्रॉस (तुमच्या कपातीआधीचा पगार) २१,००० च्या आत असल्यामुळे कंपनीचा ईएसआय (कामगार विमा) ३.२५%, सुमारे ५७७. हे तिन्ही वजा जाऊन ग्रॉस उरतो १७,७४२. त्यातून तुमचा पीएफ १,२००, तुमचा ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १३३, आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १६,२०९. मुलींना महिना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स माफ आहे, म्हणून त्यांच्या हातात दोनशे जास्त. घरी ‘वीस हजारांची नोकरी लागली’ सांगून पहिल्या पगाराला तोंड पाडून बसणारी मुलं याच हिशेबात फसतात. मुलाखतीत विचारायचा प्रश्न एकच: ‘सर, इनहँड किती येईल आणि त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) आहे का?’ नवख्याने हे विचारलं म्हणून कोणी उद्धट समजत नाही. शिफ्ट रात्रीची असेल तर गाडी घरापर्यंत सोडते की स्टेशनापर्यंत, हेही याच दमात विचारून घ्या. बॉण्ड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडल्यास रक्कम किती, ते तोंडी ऐकू नका, ऑफर लेटरवर दाखवायला सांगा.

वर्गाच्या पाटीवर ‘१००% प्लेसमेंट असिस्टन्स’ आहे. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. प्रत्यक्षात एक व्हॉट्सअॅप ग्रुप मिळतो, त्यात जाहिराती पडतात, त्यातल्या बऱ्याचशा नोकरीच्या पोर्टलवर उघड दिसतात. या ग्रुपवरून ‘रजिस्ट्रेशन’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’, ‘ट्रेनिंग फी’ असं काही मागणारा फोन आला तर ठेवून द्या. रकमेचा प्रश्न नाही. पगार देणारा माणूस आधी तुमच्याकडून पैसे घेत नाही. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयं, दोन्ही पोर्टल फुकट आहेत.

शिकवणारे सर स्वभावाने चांगले आहेत, पोरांना हसत नाहीत, मराठी माध्यमाच्या मुलांना वाक्य पुरं करू देतात. मॉकनंतरच्या आठ मिनिटांत ते जे सांगतात ते नेमकं असतं: ‘तिसऱ्या प्रश्नाला तू उत्तर आधीच सुरू केलंस, माझा प्रश्न संपला नव्हता.’ हे ऐकण्यासाठी ८०० रुपये जास्त नाहीत. फक्त ती आठ मिनिटं कागदावर लिहून मिळत नाहीत, म्हणून चर्चेच्या वेळीही रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगा. ते नाही म्हणत नाहीत.

पैसे भरायला गेलात तर तीन गोष्टी आधी विचारा. मॉक कोण घेणार, सर की नुकताच लागलेला सहायक. शनिवारी सकाळच्या वेळा सरांच्या असतात, संध्याकाळच्या बहुधा नसतात. तारीख बदलली तर पैसे परत की पुढची तारीख. पावतीमागे बारीक अक्षरात ‘परतावा नाही’ छापलंय. आणि ८०० मध्ये जीएसटी धरलाय की वर १८% लागणार. लागणार असेल तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक हवा, नुसता रबरी शिक्का नको. अकाउंट्सच्या मुलाखतीला निघालेल्याने एवढं तरी तपासावं.